चपलेखालचा दाणा

सिल्वासाला निघालोय असं सांगितल्यावर आमच्या नाशिकच्या कट्ट्यावरच्या चौघांनी एकदमच डोळे मिचकावले. चहूकडे गुजरातची दारूबंदी आणि मध्ये हे बेट, तेव्हा माणूस तिथे देवळं पाहायला जातो यावर कोण विश्वास ठेवणार? पण मी खरोखरच देवळं पाहायला गेलो होतो. पुतण्या, मंदार, तिथल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात मॅनेजर आहे. त्याच्याकडे चार दिवस राहायचं ठरलं होतं. शनिवारी त्याला सुट्टी नव्हती आणि मला कायमचीच आहे, म्हणून मी एकटाच बाहेर पडलो. एका दिवसात एक चर्च, एक संग्रहालय, एक महादेव आणि वेळ उरला तर दादऱ्याचं तळं, असा बेत होता. तळं राहिलंच.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी छत्तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट शोधायची आणि त्याबद्दल पगार घ्यायचा. पुढे जे झालं त्यात खोट माझीच होती, आणि तपासणी करणाराही मीच होतो.

चर्च

पोर्तुगीजांच्या वेळचं चर्च गावाच्या मधोमध आहे. बाहेरून पांढरंशुभ्र, आत अंधार, गारवा आणि कोरीव लाकडाची वेदी. आत प्रार्थना चालू होती. मी चपला बाहेर काढून ठेवल्या. परत येताना पाहिलं तर तिथे फक्त माझ्याच चपला होत्या, बाकी सगळे बूट घालून आत बसले होते. तेवढ्यावर भागलं नाही. थोड्या वेळाने लोक उठून रांग लावू लागले. रांग दिसली की मी उभा राहतो, ही पंचवीस वर्षांच्या रेशनिंगची सवय. पुढे पोहोचल्यावर तीर्थाला करतो तशी ओंजळ केली. फादर वयस्कर होते. त्यांनी माझ्या ओंजळीकडे पाहिलं, मग कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं, आणि काही न देता माझ्या डोक्यावर हात ठेवला. मागची बाई खुदकन हसली. मी गंभीर चेहऱ्याने परत बाकावर येऊन बसलो, जणू मला हेच हवं होतं.

पुतण्याला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, तुम्ही आज कुठल्याही रांगेत उभे राहू नका." सल्ला चांगला होता.

संग्रहालय

आदिवासी संग्रहालय मला आवडलं हे आधी सांगतो. मासे पकडायचे सापळे, फुंकून वाजवायचा तारपा, मोठमोठे लाकडी मुखवटे, आणि माणसाच्या उंचीचे पुतळे. कोणी दळतंय, कोणी जाळं विणतंय, कोणी वाजवतंय. मी प्रत्येक वस्तूचा फोटो काढत होतो. आल्यावर ते फोटो कोणी पाहत नाही, मीसुद्धा नाही, पण काढल्याशिवाय पाहिल्यासारखं वाटत नाही.

शेवटच्या दालनात भिंतीला टेकून एक म्हातारा आणि एक तरुण मुलगी जमिनीवर बसली होती. म्हाताऱ्याच्या डोक्याला फडकं, अंगात जुनं जाकीट, पुढ्यात वेताची टोपली. टोपलीत लाल कापड, मातीचा दिवा, मूठ-दोन मूठ ज्वारी, पळसाची पानं आणि नदीतला असावा असा एक गुळगुळीत काळा दगड. मला वाटलं, प्रात्यक्षिक दाखवायला बसवलं असणार. अलीकडे अशी पद्धत आहे. मी वाकलो, आणि दिवा जरा हातात धरा म्हणून खुणेने सांगितलं. म्हाताऱ्याने धरला. जरा वर, म्हटलं. त्याने वर धरला. आता दगड. त्याने दिवा ठेवला आणि दगड दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. तो फोटो मला फार छान वाटला, म्हणून मी तसे चार काढले.

मुलगी इतका वेळ गप्प बसून पाहत होती. मी फोन खिशात घालताना म्हणाली, "झाले फोटो?"

झाले, म्हटलं. फार सुंदर.

"मग आता आमचं एक काम करा साहेब. हे वाचून द्या." आणि तिने पोलक्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दोन कागद काढले.

तिचं नाव रमिला. म्हातारा तिचा बाप, जामसिंग. ती दोघं अक्कलकुव्याच्या पुढे, सातपुड्याच्या आतल्या एका पाड्यावरून आली होती. मी ज्यांना प्रात्यक्षिक समजत होतो ती पाहुणी होती, माझ्यापेक्षाही लांबून आलेली. तिचा थोरला भाऊ दिलवर इथे ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. पावसाळ्यात तो मेला. ठेकेदाराने गाडीतून प्रेत घरी पाठवलं, गाडीवाल्याने हे कागद दिले, आणि ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद. प्रेत आलं, जाळलं, पण रमिलाचं म्हणणं, भाऊ आला नाही.

"आला नाही म्हणजे?" मी विचारलं. दोन हात मागे बांधून, शाळा तपासायला आल्यासारखा.

तिने सांगितलं ते असं. घराबाहेर, अपघाताने माणूस गेला की त्याचा जीव जिथे सुटला तिथेच राहतो. त्याला घरची वाट सापडत नाही. घरच्यांनी त्या जागी जायचं, दिवा लावायचा, नाव घेऊन हाक मारायची. तो आला की दगडात बसतो. तो दगड लाल कापडात बांधून घरी न्यायचा, पूर्वजांच्या रांगेत मांडायचा. तोपर्यंत तो उपाशी फिरतो. "आई रोज सांजेला पानावर भाकर ठेवते बाहेर," ती म्हणाली, "सकाळी कुत्रं खाऊन जातं." भाताची कापणी उरकली, हातात चार दिवस आले, म्हणून आता निघालो, म्हणाली. प्रश्न एवढाच होता की जागा कोणती. जागा चुकली तर फुकट.

आणि संग्रहालयात कशी? तर स्टँडवर उतरून त्यांनी रिक्षावाल्याला आदिवासींच्या सरकारी हापिसात ने म्हणून सांगितलं. त्याला आदिवासींचं सरकारी असं एकच ठिकाण माहीत होतं. सकाळपासून दोघं या पुतळ्यांमध्ये बसून साहेब कधी येतो याची वाट पाहत होती. पहारेकऱ्याने चांगुलपणाने पाणी दिलं होतं, पण इंग्रजी त्यालाही येत नव्हतं. मग फोटो काढणारा, चष्मेवाला, मोठ्याने बोलणारा मी दिसलो. साहेब असाच असतो.

मी कागद घेतले. वरती दवाखान्याचं नाव ठळक छापलेलं. खाली दिलवरचं नाव, तारीख, वेळ. त्याखाली डॉक्टरांच्या अक्षरात चार ओळी आणि मागे आणखी एक पान. चष्मा कपाळावर होता. छत्तीस वर्षं कागद वाचल्यावर माणूस कागद वाचायचं सोडून देतो, नुसता ओळखतो. मी ओळखला. "दवाखान्यात गेला तो," मी म्हटलं. "सरकारी दवाखाना. लांब नाही. चला, मी दाखवतो." आणि सवयीने कागदाचाही फोटो काढला.

म्हातारा माझ्याकडे पाहून उठला. त्याच्या चेहऱ्यावर जो विश्वास आला तेवढा कोणी मला माझ्या चाळिशीतल्या बढतीच्या वेळी दाखवला असता तरी पुरलं असतं.

दवाखान्याचं फाटक

आत जाऊ देतील का, असं विचारायला गेलो तर फाटकावरच्या माणसाने हात जोडले. काय करायचं ते बाजूला करा, पण पेशंटच्या गाड्या अडवू नका, म्हणाला. त्याच्या बोलण्यावरून हे त्याला नवं नव्हतं. आणखीही कोणी येतात, असं तो पुटपुटला. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

भिंतीच्या कडेला, चिंचेच्या सावलीत जामसिंग बसला. दिवा लावला. रमिलाने ज्वारीच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून तळातून एक छोटी बाटली काढली. मोहाची दारू. सगळ्या गुजरातेतून, सुरतेच्या स्टेशनावरून, ती ज्वारीत पुरून आणली होती. पकडली असती तर भाऊ राहिला असता बाजूला आणि बाप आत गेला असता. "इथं तर दुकानात मिळते," मी म्हटलं. ती म्हणाली, "त्याला घरचीच ओळखू येईल ना."

म्हाताऱ्याने चार थेंब टाकले आणि हाक मारली. "दिलवर." मग आणखी बरंच काही त्यांच्या बोलीत. ओरडून नाही. शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं. रस्त्यावरून हॉर्न, आतून कोणाच्या तरी नावाचा पुकारा. त्याने पान मांडलं, चिमूटभर ज्वारी हातभर उंचीवरून सोडली. पानावर पडलेले, बाहेर उडालेले, सगळे दाणे रमिलाने बोटांनी गोळा केले आणि दोन-दोनच्या जोड्या लावल्या. शेवटी एक उरला.

एक उरला म्हणजे आला नाही. पुन्हा हाक. पुन्हा दाणे. पुन्हा एक उरला. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम आला. एक ॲम्ब्युलन्स आली, आम्ही सरकलो, ती गेली, आम्ही परत बसलो. फाटकावरचा माणूस घड्याळ पाहू लागला. दीड वाजत आला होता, आणि कबूल करतो, मला भूक लागली होती. नदीच्या वाटेवर उंबाडियु मिळतं असं मंदारने सांगितलं होतं. मडक्यात पाल्याखाली भाजलेले कंद, वालपापडी, तिखट हिरवी चटणी. माझं अर्धं लक्ष त्या मडक्यात होतं.

तिसऱ्यांदा दाणे पडले. माझी नजर मोजायला सरावलेली. रमिलाचं बोट पोहोचायच्या आधीच मला दिसलं, पुन्हा एक उरणार. आणि एक दाणा उडून माझ्या अंगठ्यापाशी येऊन पडला होता. मी पाय पुढे सरकवला.

एवढंच. अर्ध्या इंचाचं काम. चामड्याखाली दाणा मला कळतही नव्हता.

रमिलाने जोड्या लावल्या. उरला नाही. तिने पुन्हा लावल्या. मग बापाकडे पाहिलं. म्हाताऱ्याने दगड लाल कापडात ठेवला आणि कापडाची टोकं रमिलाच्या हातात दिली, गाठ तिने बांधली. आता घराच्या उंबऱ्यापर्यंत बोलायचं नाही, मागे वळायचं नाही, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. दोघं उठली आणि चालायला लागली. मला नमस्कारही नाही. तो नियमच होता. पण मला तेव्हा तो मोठेपणा वाटला. आपण एका गरिबाचं काम मार्गी लावलं, असा विचार करत मी रिक्षा थांबवली.

नदीकाठचा महादेव

देऊळ छान होतं, एवढंच आठवतं. दमणगंगेचं पाणी संथ, पायऱ्या रिकाम्या. मी पानावरचं उंबाडियु घेऊन तिथेच बसलो. गरम कंद, धुराचा वास, आणि पुण्य केल्याची भूक. खाता खाता सकाळचे फोटो पाहू लागलो. चर्चची वेदी. मुखवटा. जाळं. दगड छातीशी धरलेला म्हातारा. मग तो कागद.

काम नव्हतं म्हणून मोठा केला. चष्मा नाकावर होता.

डॉक्टरांच्या चार ओळींत पहिली ओळ स्वच्छ होती. दवाखान्यात आणण्यापूर्वीच मृत्यू. दुसऱ्या ओळीत, कुठून आणलं ते. रांधा गावाच्या रस्त्यावरच्या एका कारखान्याचं नाव. कागदात कसलीही चूक नव्हती. जे सांगायचं ते त्यात लिहिलेलं होतं, वाचणारा तेवढा चुकला होता.

आता माझा आत्म्यावर विश्वास नाही. दगडात कोणी बसत नाही, ज्वारीला काही कळत नाही, हे मी कुठेही सांगेन. पण एक गोष्ट मला पायरीवर बसल्या बसल्या कळली. त्यांनी चाचणी घेतली होती. चाचणीने दोनदा सांगितलं, इथे नाही. तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. चाचणी बरोबर होती. आकडा मी बदलला होता. माझ्या हाताखालच्या एका मुलाने असं केलं होतं तेव्हा मी त्याला कामावरून काढायला लावलं होतं.

मंदारला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काका, आता ते समाधानाने घरी जातायत. जाऊ द्या ना. कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं, त्या पोराची आई रोज भाकर ठेवते. तो म्हणाला, "आणि त्या कारखान्यावर जाऊ नका. मला इथे नोकरी करायचीय." तोही खोटं बोलत नव्हता.

पाच मिनिटं बसलो. न सांगण्याची सगळी कारणं चांगली होती, आणि ती सगळी माझ्या सोयीची होती. उंबाडियु तिथेच टाकलं.

स्टँड

वापीची बस लागलेली होती. वापीहून सुरत, सुरतेहून नंदुरबार. तिसऱ्या खिडकीत म्हातारा बसला होता, मांडीवर लाल गाठोडं, त्यावर दोन्ही तळवे. शेजारी रमिला. मी आत चढून त्यांच्या पुढच्या सीटवर उलटा बसलो. दोघांनी मला पाहिलं आणि दोघंही बोलली नाहीत.

न बोलणाऱ्या माणसाजवळ कबुली देणं फार अवघड असतं. मधे कोणी हुंकार देत नाही. मी कागदाचं सांगितलं. दवाखान्यात येण्याआधीच गेला होता, कारखान्यातून आणला होता, मी नीट वाचलं नाही. रमिलाचे डोळे मोठे झाले, पण ओठ बंद. म्हातारा खिडकीबाहेर पाहत राहिला. मला वाटलं त्याला मराठी पोहोचत नसावं, म्हणून मी पुन्हा सांगितलं. मग दाण्याचं सांगितलं. तिसऱ्या वेळी एक दाणा माझ्या चपलेखाली होता. मला माहीत होतं. मी पाय उचलला नाही.

रमिलाने तोंडावर पदर धरला. पाठीमागच्या सीटवरचे दोघे कामगार ऐकू लागले होते, त्यातला एक म्हणाला, "क्या हुआ चाचा?" मी म्हाताऱ्याकडून काहीतरी येण्याची वाट पाहत होतो. थप्पड आली असती तर बरं वाटलं असतं.

त्याने हळूच मान खाली घातली. मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग बोलला. सकाळपासून माझ्याशी तो बोललेला पहिला शब्द.

"मंग हा कोण?"

रमिला दचकली. बोलला म्हणजे नियम मोडला. बापाने तिला त्यांच्या बोलीत काही सांगितलं, आणि तिने मला मराठीत सांगितलं. ज्याच्यासाठी गप्प बसायचं तो दिलवर नाही, तेव्हा बोललं तरी चालेल. पण दगड बांधला गेला, म्हणजे तिसऱ्या हाकेला कोणीतरी आला. हाक ऐकून दुसऱ्याचं पोर आलं असेल. तिथं खूप जण असतील ना, ती म्हणाली. बिहारचे, ओरिसाचे, आमच्याकडचे. कोणाचे घरवाले येतात, कोणाचे येत नाहीत.

मला सांगावंसं वाटलं की कोणी आलेलं नाही, मी पाय ठेवला होता म्हणून तसं दिसलं. तोंड उघडलं. मग लक्षात आलं की आज माझ्या शब्दावर कोणी ठेवावा असा विश्वास राहिलेला नाही, आणि मिटलं.

म्हातारा गाठोडं घेऊन उठला. बसमधून उतरला.

रांध्याचा रस्ता

कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन शिरपूरकडचा निघाला. आत सोडणं त्याच्या हातात नव्हतं, हे त्याने आधीच सांगितलं. मग इकडेतिकडे पाहून बाजूला आला. दिलवर त्याला आठवत होता. शेडच्या पत्र्यावरून पडला. टेम्पोत घालून नेला. "इथून गेला तव्हा जिता होता," तो रमिलाला म्हणाला. "पाणी मागू राहिला होता." एवढं बोलून तो त्याच्या केबिनमध्ये गेला आणि पाठ करून बसला.

म्हणजे कारखान्याच्या फाटकापाशी नाही आणि दवाखान्यातही नाही. मधल्या रस्त्यावर कुठेतरी.

जामसिंगने रस्त्याकडे पाहिलं. ट्रक, धूळ, दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो रस्त्याच्या कडेला बसला, दिवा लावला. आता दगड लागणार होता दुसरा. पहिला बांधलेला, तो सोडायचा नाही. घरचा एकच आणला होता. रमिलाने नाल्यातून एक शोधला, पदराने पुसला. चालेल का, असं तिने बापाला विचारलं. न चालून काय, अशा अर्थाचं तो काही बोलला.

दाणे टाकण्याआधी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मी दोन्ही चपला काढून हातात घेतल्या. मग त्याने पळसाचं पान माझ्यापुढे सरकवलं.

"तुम्ही मोजा," रमिला म्हणाली. "बा म्हणतो, तुम्हीच मोजायचं."

मी बसलो. साठी उलटलेला, पँट गुडघ्यात फाटायला आलेली, अख्ख्या औद्योगिक वसाहतीसमोर रस्त्यावर ज्वारीच्या जोड्या लावत. दुचाकीवरून जाणारे थांबून पाहत होते. एकाने फोटो काढला. काढू दे, म्हटलं.

पहिल्या ठिकाणी एक उरला. "एक," मी म्हटलं. पुढे वळणावर, एक. विजेच्या खांबाशी, एक. प्रत्येक ठिकाणी म्हातारा हाक मारायचा, तितक्याच आवाजात, पलीकडच्या शेतात माणूस असल्यासारखा. प्रत्येक ठिकाणी मी बोट फिरवून मातीतला, खडीतला शेवटचा दाणा शोधायचो आणि सांगायचो. तीनदा तरी मनात आलं की आता जुळवावं. ऊन कलत होतं, म्हातारा उठताना मुलीचा खांदा धरत होता, ज्वारी संपत आली होती. त्याला चालवत नव्हतं आणि ते माझ्यामुळे. दया आणि भूक, दोन्हींनी माणूस पाय पुढे सरकवतो हे मला त्या रस्त्यावर कळलं. मी "एक" म्हणत राहिलो.

गावाची हद्द लागते तिथे एक पंक्चरचं दुकान आहे, आणि त्यापुढे गतिरोधक. टेम्पो तिथे हळू झाला असणार, नाहीतर उडाला असणार. म्हातारा तिथे आपणहून थांबला. हाक मारली. दाणे सोडले, ते गतिरोधकावरून घरंगळले. मी रांगत गेलो. पंक्चरवाल्याला पाय उचलायला लावला. त्याच्या टबाखाली पाहिलं. जोड्या लावल्या. मोडल्या, पुन्हा लावल्या. तिसऱ्यांदा लावल्या.

"उरला नाही," मी म्हटलं. "बाबा, उरला नाही."

रमिलाने पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि दारूच्या आधी पाणी ओतलं. सगळी बाटली. पाणी डांबरावरून वाहत मातीत गेलं आणि म्हातारा ते जाईपर्यंत थांबला.

कापड एकच होतं, म्हणून त्याने डोक्याचं फडकं सोडलं. दगड त्यात ठेवला. गाठ मारण्याआधी, म्हणजे तोंड बंद होण्याआधी, तो माझ्याकडे वळला. मला वाटलं आता तो जे काय असेल ते बोलेल. मी तयार होतो. तो दुसऱ्या गाठोड्याकडे, लाल कापडातल्याकडे बोट दाखवून मोडक्या मराठीत म्हणाला,

"ह्याचे घरवाले शोधत आले तर सांगा. आमच्याकडे आहे म्हणा."

मग गाठ बांधली. दोघं उठली, एकेक गाठोडं एकेकाच्या हातात, आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली. मी मागून गेलो नाही. गेलो असतो तरी त्यांनी वळून पाहिलं नसतं.

मी परत आल्यावर कट्ट्यावर चर्चमधल्या ओंजळीचा किस्सा सांगितला, सगळे हसले. हा सांगितला नव्हता. आता लिहितोय, कारण मला निरोप दिलेला आहे आणि तो पोहोचवायला माझ्याकडे दुसरा रस्ता नाही. विश्वास माझा अजून नाही, पण निरोप निरोप आहे. तुमचं कोणी सिल्वासाला कामाला गेलेलं असेल, तिथल्या दवाखान्यात गेलं असेल, आणि तुम्ही आणायला गेलात तेव्हा दाणे जुळले नसतील, तर फाटकापाशी पुन्हा पुन्हा हाका मारत बसू नका. तो सातपुड्यात आहे, अक्कलकुव्याच्या पुढे, जामसिंगच्या घरी. जाताना त्याचं नाव तेवढं घेऊन जा. तिथे कोणाला ते माहीत नाही.